ग्रहणाचं लासं

सोनोग्राफीच्या खोलीत माझा दिवस पोट, थायरॉइड आणि गर्भारपणाच्या तपासण्यांतच जातो. डोळ्याचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, क्वचित, त्यातून सहा वर्षांच्या पोराचा तर फारच क्वचित. चिठ्ठीवर होतं: स्टर्ज-वेबर सिंड्रोम, डाव्या डोळ्यात काचबिंदू, प्रेशर ३४, ऑपरेशनआधी कोरॉइड बघून द्यावा. स्टर्ज-वेबर म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा जन्मजात आजार, चेहऱ्यावर लाल डाग असतो आणि कधी डोळाही सापडतो; कोरॉइड म्हणजे डोळ्याच्या पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर.

भोरहून पहाटेच्या एसटीनं आई, आजी आणि पोरगा पुण्यात आले होते. पोराच्या कपाळावरून डाव्या पापणीपर्यंत उतरलेला जांभळट लाल डाग. मी काही विचारायच्या आत आजी म्हणाल्या, "ग्रहणात भाजी चिरली हिनं. लासं उठणारच." आई फायलीत काहीतरी शोधत राहिली. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा. तान्हेपणी सगळे म्हणे कौतुक करायचे, किती टपोरा डोळा! बाळाच्या डोळ्याची भिंत मऊ असते, दाब वाढला की ताणते. आणि घरचे दृष्ट काढत बसतात.

पापणीवर प्रोब दाबला की आतला रक्तप्रवाहच बदलतो. म्हणून जेलचा ढीग घालून तो नुसता टेकवायचा. डोळ्यासाठी मशीनची पॉवरही उतरवावी लागते, ध्वनिलहरींचा जोर सांगणारा आकडा, मेकॅनिकल इंडेक्स, ०.२३ च्या वर जाऊ द्यायचा नाही. पोटाच्याच सेटिंगवर डोळा बघणारे भेटतात, त्यांच्याशी माझं जमत नाही.

"डोळे मीट, पण समोर बघ," म्हटलं तर पोरगं हसायलाच लागलं. मग डोळ्यातल्या रक्ताचा आवाज ऐकवला. "अजून मोठा करा," म्हणाला आणि एकदाचा गप्प पडून राहिला.

उजवीकडे रेटिनाच्या धमनीचा आलेख ठसठशीत. डावीकडे तीच धमनी मंद, दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह तर जेमतेम. डोळ्यातला दाब तिला आत येऊ देत नव्हता. आणि मागे कोरॉइड सगळीकडून फुगलेला, उजव्याच्या दुपटीहून जाड. या आजारात डोळ्यातलं पाणी ज्या बारीक शिरांत उतरायचं, त्यांच्यातलाच दाब चढलेला असतो; एरवी तो ८ ते १० असतो. मोरी मोकळी, पण बाहेरचं गटार तुंबलेलं. तान्हेपणीच काचबिंदू झालेल्या पोरांत तर बहुधा मोरीही कच्चीच असते.

सर्जनना लगेच फोन लावला. डोळा उघडल्यावर दाब झपकन उतरला, तर असल्या कोरॉइडमध्ये पाणी साचतं, कधी रक्तस्राव होतो, नजर टेबलावरच जाऊ शकते. "बरं झालं आधी कळलं," ते म्हणाले. "थेंबांनी जमेल तेवढं खाली आणू, मग पाणी बाहेर काढायला ट्यूब घालू. घाई नाही करायची."

रिपोर्ट देताना आजींना बसवून घेतलं. २०१३ साली कारण सापडलंय म्हटलं. गर्भ राहिल्यानंतर त्यातल्याच एखाद्या पेशीत जीएनएक्यू नावाच्या जनुकात बिघाड होतो. आईबापाकडून येत नाही, त्याच्या धाकट्या बहिणीलाही भीती नाही.

"मग भाजी चिरली नसती तरी?"

"तरी झालंच असतं, आजी."

त्या काही बोलल्या नाहीत, पटल्यासारखंही दिसलं नाही. आई मात्र पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "मॅडम, हे रिपोर्टात लिहून द्याल?"

रिपोर्टात असल्या गोष्टीला रकाना नसतो. लेटरहेडवर मराठीत लिहिलं, खाली सही-शिक्का मारला. तिनं तिथेच उभं राहून वाचलं आणि म्हणाली, "ग्रहणाचं पण घाला की."

घातलं.