प्लस अडीचचा चष्मा

केनियातल्या मोम्बासाहून येऊन तीन आठवडे झाले, तरी तिथे डोळे तपासताना भेटलेल्या एका आजोबांचा विषय काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी नाशिकची, ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. आमच्या चर्चच्या मंडळीतून केनियाला बारा दिवसांची मिशन ट्रिप ठरली आणि पाळकसाहेब म्हणाले, डोळ्यांचं तू बघ. हो म्हणायला मला जास्त विचार करावा लागला नाही, कारण लहानपणापासून घरात ऐकलेलं की आपल्या नाशिकच्या शरणपूरचं आणि मोम्बासाचं जुनं नातं आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात शरणपूरला आसरा काढला होता. तिथे ती मुलं वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, आणि त्यातली बरीचशी पुढे परत आफ्रिकेला गेली. सुटलेल्या गुलामांसाठी 1875 ला मोम्बासासमोर फ्रेरे टाऊन वसवलं ते मिशनरी विल्यम प्राइस यांनी, आणि आधी शरणपूर चालवणारेही तेच. गावाला नाव मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रेरे यांचं.

पोचल्यावर पहिलं काय जाणवलं तर दमट हवा, आणि ओळखीचे शब्द. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', चपातीला चपातीच. रस्त्यावर बजाजच्या बॉक्सर मोटारसायकली, एकेकीवर तिघं. फ्रेरे टाऊनची घंटा अजून रस्त्याच्या कडेला उभी आहे, त्या जागेला म्हणतातच केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी. मी तिच्या खांबाला हात लावून उभी राहिले आणि रडूच आलं. नाशिकहून इथे आलेल्या त्या लोकांच्या खिशात परतीचं तिकीट नव्हतं, एवढंच मनात आलं.

आता कामाचं सांगते. बाहेरच्यांना वाटतं चष्मे वाटायचे म्हणजे पेटी उघडायची आणि द्यायचे. आम्ही नाशिकमध्ये लोकांकडून जुने चष्मे गोळा केले होते, 400 च्या आसपास, आणि मी दोन रात्री लेन्सोमीटरवर, म्हणजे चष्म्याचा नंबर मोजायच्या यंत्रावर, बसून एकेक मोजला. निम्म्याहून जास्त बाजूला काढले, कारण एका डोळ्याला मायनस चार आणि दुसऱ्याला तिरक्या अक्षाचा सिलिंडर (तिरपा नंबर), असा चष्मा दुसऱ्या कोणाच्या नाकावर चालणार? जुने चष्मे गोळा करून पाठवायचं हे मला आता अजिबात पटत नाही. त्या वजनात नवे कोरे वाचायचे चष्मे, प्लस एक ते प्लस तीन, नेले असते तर कितीतरी लोकांची सुई ओवली गेली असती.

डोळे तपासायच्या हॉलला पत्र्याचं छप्पर, चहूकडून उजेड, आणि रेटिनोस्कोपीला, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायला, तर अंधार लागतो. कोपऱ्यात दोन चादरी बांधून मी खोली केली. सहा मीटर दोरीने मोजून भिंतीवर उलटसुलट ई-चा तक्ता लावला, अक्षर येत नसलं तरी बोटांनी दिशा दाखवता येते. सोबत तिथल्या सरकारी दवाखान्यातली नेत्रविभागाची क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे तपासून उपचार करणारी, होती, आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार बाई, आणि आमच्या टीमने तिला चार दिवस फक्त दुभाषी म्हणून वापरलं. याचा राग अजून आहे माझ्या मनात.

तर तिसऱ्या दिवशी आजोबा आले, नातवाचा खांदा धरून, पहाटे निघून मटाटूने, म्हणजे तिथल्या वडापने. मी मोठ्यांना करायचा नमस्कार म्हणून 'शिकामू' म्हटलं, ते 'मराहाबा' म्हणाले, हसले. टॉर्च मारला तर बाहुल्या जेमतेम हलल्या. उजव्या डोळ्याला उजेडही कळत नव्हता, डाव्याला डोळ्यापुढे हललेला हात तेवढा कळायचा. मी मनात म्हणत होते मोतीबिंदू असू दे, मोतीबिंदू असू दे, ऑपरेशनने दिसेल. ऑप्थॅल्मोस्कोपने आत बघितलं तर डिस्क, म्हणजे डोळ्याच्या नसेचं टोक, पांढरीफटक, आणि तिच्यातला खड्डा, कप, पार कडेपर्यंत. काचबिंदू, आणि शेवटच्या टप्प्यातला. गेलेली नस परत येत नाही, चष्म्याने नाही, ऑपरेशनने नाही.

आणि आमच्या टीमलीडरनी रविवारी पुलपिटवरून (चर्चमधल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरून) सांगितलं होतं, भाषांतर करून, की या आठवड्यात इथून कोणी दिसायला लागल्याशिवाय परत जाणार नाही. तेव्हा मीही आमेन म्हटलं होतं.

मी पुढे काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात आमच्यातल्या एकाने त्यांना प्लस अडीचचा चष्मा लावला, हात ठेवून प्रार्थना केली, फोटो काढला. आजोबा 'असांते साना', खूप आभार, म्हणत माझा हात शोधत होते. मी तो हातात घेतला आणि गप्प बसले. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, पूर्ण आहे, पण त्या क्षणी मला सत्य माहीत होतं आणि ते मी सांगितलं नाही.

ती ऑफिसर मात्र उठली, त्यांच्यामागे अंगणात गेली, बाकावर शेजारी बसली आणि बराच वेळ बोलली. 'प्रेशा या माचो' एवढंच मला कळलं, डोळ्याचं प्रेशर, आपल्याकडे पेशंट म्हणतात तसंच. आजोबांनी मान खाली घातली, मग वर केली आणि काहीतरी विचारलं. ती आत येऊन मला म्हणाली, ते विचारतायत मुलांना पण होतं का. होऊ शकतं, सख्ख्या नात्यात धोका जास्त, दुखत नाही म्हणून कळत नाही, थेंब लवकर सुरू केले तर उरलेली नजर टिकते. तिने दोन मुलांच्या नावाने चिठ्ठ्या लिहून दिल्या. माझ्याकडे टोनोमीटरसुद्धा नव्हता. 400 चष्मे गोळा केले, प्रेशर मोजायचं यंत्र नाही नेलं.

परवा तिचा मेसेज आला, एक मुलगा येऊन गेला, प्रेशर वाढलेलं निघालं, थेंब सुरू केले. दुसरा आलेला नाही. आजोबा रविवारी तो चष्मा लावूनच चर्चला येतात.

पुढच्या वर्षीच्या ट्रिपची नावं घेणं सुरू झालंय. मी पाळकसाहेबांना सांगितलं, टोनोमीटर घेणार असाल, त्या बाईंना पहिल्या दिवसापासून विचारून काम करणार असाल आणि पुलपिटवरून काय कबूल करायचं ते आधी मला दाखवणार असाल, तर माझं नाव घाला. ते म्हणाले, कमिटीसमोर ठेवतो.