घंटागाडी आली नाही तेव्हा

आमच्या व्यापारी संकुलात आज घंटागाडी फिरकलीच नाही आणि दुपारपर्यंत तळमजल्यावरील उपाहारगृहाच्या डब्यांतून आंबलेले पाणी थेट जिन्यापर्यंत ओघळले. ओला कचरा उन्हात थांबत नाही. सुका मात्र, कोरडा राहिला तर, काही दिवस ठेवता येतो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सक्तीचे केलेले वर्गीकरण आमचे दुकानदार पाळतात, म्हणूनच पुठ्ठे व बाटल्या लगेच गोदामात हलवता आल्या, ओल्याचे डबे झाकून सावलीत ठेवले आणि छायाचित्रांसह नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक सूचनाफलकावर लावला. हातमोज्यांशिवाय ते डबे उचलायला निघालेल्या सफाईच्या मावशींना मी थांबवले. गाडी न आल्याचा भार त्यांच्या उघड्या हातांवर का पडावा? ठेकेदाराने उद्या सकाळची वेळ लेखी दिली आहे.