माळकऱ्याचा मुलगा शिकोकूच्या वाटेवर

ओसाकाहून सुटलेली बस आवाजी बेट ओलांडून शिकोकूत शिरते, तेव्हा पुलाखाली नारुतोचे प्रसिद्ध भोवरे दिसतात म्हणे. मी झोपलो होतो.

जपानातली गोल्डन वीकची सुट्टी होती, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची सुट्ट्यांची माळ. शिकोकू बेटाला वळसा घालणारी 88 देवळांची यात्रा साधारण 1200 किलोमीटरची. सलग चालायची तर सहा-सात आठवडे हवेत. तेवढी रजा मला कोण देणार? म्हणून माझ्यासारखे नोकरदार ती तुकड्यातुकड्यानं चालतात. माझा तुकडा पहिल्या र्योझेनजी देवळापासून बाराव्या शोसानजीपर्यंतचा, जेमतेम 50-55 किलोमीटर.

देवळाजवळच्या दुकानात पांढरा अंगरखा, गवती टोपी आणि काठी घेतली. पांढरा रंग प्रेतवस्त्राचा. पूर्वी यात्रेकरू वाटेतच गेला, तर तिथेच पुरून त्याची काठी खूण म्हणून वर रोवत. हे सांगताना दुकानातल्या बाई इतक्या प्रसन्न हसत होत्या की काय बोलावं सुचेना. काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी. 774 साली जन्मलेले, चीनला जाऊन दीक्षा घेऊन आलेले आणि जपानात शिंगोन हा बौद्ध पंथ स्थापणारे हे संत. ते प्रत्येकासोबत चालतात, म्हणून टोपीवर लिहिलेलं असतं ‘दोग्यो निनिन’, वाटेवर दोघं. पुलावर काठी टेकवायची नाही, कारण दाइशी कधीतरी पुलाखाली झोपले होते, त्यांची झोपमोड नको. आणि मुक्कामी पोचल्यावर आधी काठीचे पाय धुवायचे, मग आपले.

देवळात सगळे सूत्र म्हणत होते. माझं अर्धं लक्ष बुटातल्या खड्याकडे. एकदम कानावर आलं, ‘ग्यातेई ग्यातेई हारा ग्यातेई’. अरे, हे तर ‘गते गते पारगते’, हृदयसूत्राच्या शेवटचा संस्कृत मंत्र! दगडांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं कोरलेली. वाचता येत नव्हती, पण वळण ओळखीचं वाटत होतं. मग दर देवळात सूत्राच्या शेवटाची वाट बघू लागलो. वहीत लाल शिक्के आणि शाईची अक्षरं मिळतात, दर देवळात 500 येन. 88 चा हिशेब करू नये.

आता जेवणाचं. आमचे बाबा माळकरी. मी माळ घातलेली नाही, पण घरात जे शिजलं नाही ते तोंडातही गेलं नाही. जपानात शाकाहाऱ्याचं दुखणं मासा नव्हे, दाशी. बोनितो मासा उकडून, धुरावर वाळवून लाकडासारखा कडक करतात, सुताराच्या रंध्यासारख्या किसणीवर त्याच्या पापड्या काढतात आणि त्यांचं पाणी, म्हणजे दाशी, सूपपासून भाजीपर्यंत सगळीकडे. तेव्हा मी उदोनच्या जाडसर शेवया नुसत्या सोया सॉससोबत मागायचो. वर आलं आणि इथल्या तोकुशिमा प्रांताचं सुदाची पिळायचं. लिंबाएवढंच हिरवं फळ, पण वास निराळा. दुसऱ्या दिवशी मी दोन वाट्या उदोन फक्त त्या वासासाठी खाल्ले. नारुतोची भाजलेली रताळी तर अशी गोड की एकादशीला कुणी पाठवली, तर उपास हा शब्दच बदलावा लागेल.

वाटेवरचे लोक यात्रेकरूला ‘ओहेन्रो-सान’ म्हणतात आणि हातावर काहीतरी ठेवतात. याला ओसेत्ताई म्हणतात. ती नाकारायची नसते. दिलेलं दाइशींनाही पोचतं. मला संत्र्याचा थोरला भाऊ असलेलं अमानात्सु मिळालं, गोळ्या मिळाल्या, एका आजोबांनी 100 येनचं नाणं दिलं. बदल्यात आपण नाव लिहिलेली कागदाची पट्टी द्यायची. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर वारकऱ्यांना केळी वाटणारे हात मी लहानपणी पाहिलेत. घेणाऱ्याच्या बाजूला पहिल्यांदाच उभा होतो, आणि ते अवघड गेलं.

अकराव्या देवळापासून बाराव्यापर्यंतच्या चढाला ‘हेन्रो कोरोगाशी’ म्हणतात, यात्रेकरूंना गडगडवणारी वाट. अंतर 13 किलोमीटरच, पण डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पहाटे निघताना एका आजींनी कुंपणावरून भाताचे दोन गोळे दिले, ओनिगिरी. पायथ्यानंतर दुकान नाही. एका झऱ्यापाशी पहिला खाल्ला; आत आंबटढाण उमेबोशी, खारवलेलं जपानी आलुबुखार. वाटेतल्या जोरेन-आन या छोट्या देवळात दाइशींच्या भल्यामोठ्या पुतळ्यापाशी पोचलो तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या. सुगीच्या सावलीत, म्हणजे तिथल्या प्रचंड देवदारासारख्या झाडाखाली बसून दुसरा फोडला. आत तपकिरी, ओलसर पापड्या. सोया सॉसमध्ये कालवलेला बोनितोच.

पिशवीत दुसरं काही नव्हतं, हे खरं. पण असतं तरी काय केलं असतं? वारीत कुणी भाकरीचा तुकडा दिला, तर बाबा तो आधी कपाळाला लावतात. मीही लावला, आणि खाल्ला.

आई हे वाचणार आहे. बाबांना तिनंच सांगावं.