लूपमध्ये न दिसलेला ओरखडा

अतिशय पातळ चुंबकी फिल्म चढवलेल्या एकाच वेफरचे, म्हणजे चकतीचे, दोन तुकडे, आणि एकाचं चुंबकत्व दुसऱ्याच्या जेमतेम निम्म्या चुंबकीय क्षेत्रात उलटत होतं. माझी पीएचडीची विद्यार्थिनी दोन्ही हिस्टेरेसिस लूप, म्हणजे क्षेत्र बदलताना चुंबकत्व कसं बदलतं याचे आलेख, एकावर एक ठेवून बसली होती. "मॅडम, जाडीत फरक पडला असेल का?" शंका रास्त होती. प्लॅटिनमच्या दोन थरांमध्ये आमचं कोबाल्ट ०.६ नॅनोमीटर, म्हणजे अणूंचे जेमतेम तीन थर. तिथे किंचित फरकही महागात पडतो.

म्हटलं, आधी केर मायक्रोस्कोपखाली बघू.

चुंबकावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनांची दिशा, किंचित फिरतं, हे जॉन केर यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलं. आमच्या फिल्मवर हे फिरणं अंशाच्या शंभराव्या भागांत मोजावं लागतं. नुसत्या चित्रात धुळीशिवाय काहीच दिसत नाही. म्हणून फिल्म आधी एका दिशेला पूर्ण चुंबकित करायची, तिचं चित्र घ्यायचं आणि पुढच्या प्रत्येक चित्रातून ते वजा करायचं. मग उरतो तो फक्त बदल. हे वजा करणं मला आजही विलक्षण वाटतं.

कमी क्षेत्रात उलटणारा तुकडा ठेवून तिने उलटं क्षेत्र हळूहळू वाढवायला सुरुवात केली. बराच वेळ पडदा करडाच. मग डाव्या कडेला एक काळा ठिपका उमटला आणि शाई पसरावी तसा आत सरकू लागला. फिल्म पुन्हा चुंबकित केली, पुन्हा क्षेत्र उलटवलं. ठिपका त्याच जागी! साध्या प्रकाशात तिथे चिमट्याचा बारीक ओरखडा होता. दुसऱ्या तुकड्यावर असं काही नव्हतं. तो त्या क्षेत्रात ढिम्म राहिला.

उलट्या डोमेनचं, म्हणजे उलट दिशेने चुंबकित झालेल्या भागाचं, बीज तयार व्हायला मोठं क्षेत्र लागतं. एकदा ते तयार झालं की डोमेनची भिंत, म्हणजे त्याची सीमा, त्याहून कमी क्षेत्रातही सरकते. लूप मोजताना लेझरचा ठिपका मधोमध होता. कडेहून निघालेली भिंत तिथे पोचली एवढंच त्याला कळलं. आम्ही फिल्मची कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व उलटवायला लागणारं क्षेत्र) म्हणून जी नोंदवली होती ती त्या ओरखड्याची होती.

पण जाडीचा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी भिंतीचा वेग मोजायचा ठरवलं. क्षेत्राचा छोटा पल्स द्यायचा, भिंत किती सरकली ते बघायचं. कमी क्षेत्रात भिंत दोषांमध्ये अडकते आणि उष्णतेच्या धक्क्यांनी सुटत पुढे जाते. अशा वेळी वेगाचा लॉगरिदम क्षेत्राच्या उणे एक-चतुर्थांश घाताशी सरळ रेषेत येतो. प्लॅटिनम-कोबाल्ट-प्लॅटिनम थरांवरच १९९८ मध्ये हे दाखवलं गेलं. जाडी बदलली तर ही रेषा बदलायलाच हवी.

दुसऱ्या तुकड्यात एका जोरदार पल्सने बीज तयार करून घेतलं आणि तीच मोजणी केली. संध्याकाळी तिने आलेख काढला. दोन्ही तुकड्यांचे बिंदू एकाच रेषेवर होते. जाडी तीच होती.