हातोडा सगळ्यात शेवटी

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की कोणीतरी विचारतंच: "पावसात उभी ठेवलेली जीप जागची हलत नाही, मागचं चाक जाम झालंय. ब्रेकचा ड्रम ठोकून काढू का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ठोका, पण सगळ्यात शेवटी.

आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, गोव्यात वाळपईकडे. एका जूनमध्ये ओहळातून जीप काढली, मांगराशेजारी (बागेतल्या खोपीशेजारी) लावली, सवयीने हँडब्रेक ओढला आणि विसरलो. भिजलेले ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे, भिजलेल्या ड्रमला चिकटून दोन महिने राहिले. ड्रम बिडाचा, गंजाने लायनर (शूवरचा घासणारा थर) असा धरला की गिअर टाकल्यावर गाडी नुसती मागे दबायची. चिडून ड्रमच्या कडेवर घण घातला. बीड वाकत नाही, तुटतं. टवका उडाला, नवा ड्रम आणावा लागला.

खरी गोम आत असते. जुना ड्रम घासून घासून त्याच्या कडेला ओठ तयार होतो आणि शू त्याच्यामागे अडकतात. बाहेरून कितीही ठोका, ते ओठाला धरून बसणार. म्हणून आधी हँडब्रेक सोडायचा, केबल खरंच सैल झाली का ते गाडीखाली जाऊन बघायचं, मग ड्रममागच्या प्लेटवरून ॲडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू) उलटा फिरवून शू आत घ्यायचे. हबच्या (ड्रम ज्यावर बसतो त्या भागाच्या) मधल्या गोलावर गंज सोडवणारं तेल दोन थेंब, लायनरवर एकही नाही. ड्रमला आट्यांची दोन भोकं असली तर त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा अर्धा आटा आवळा. मग ड्रमच्या तोंडावर, स्टडांच्या (चाकाच्या बोल्टांच्या) मधे, लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके. सुटताना 'टक्' असा आवाज येतो, तो ऐकायला मला अजून आवडतं.

आत तांबडा चिखल आणि काळी भुकटी असते. कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओली करून फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलतो त्याचं) रबर उचलून बघा, ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळतंय. आतला पिस्टन जाम असेल तर रबरी वॉशर नवे घाला, आणि धुवायला डिझेल-पेट्रोल अजिबात नको, रबर फुगतं. लायनरने तेल प्यायलं असेल तर ते बदलाच, पॉलिश पेपरने घासून भागत नाही.

यंदा जीप गिअरमध्ये आहे, चाकांना चिऱ्याचे तुकडे लावलेत. हँडब्रेकच्या दांड्याला सुंभ बांधून ठेवलंय, चुकून हात गेला तरी ओढला जाऊ नये म्हणून.