टीपीएस फिरवण्याआधी काटा बघा

घोडबंदरला दुसऱ्या गियरवर रांगताना, पाय जेमतेम टेकलेला असतानाच गाडी आचके द्यायची. पूर्ण रेस दिली की तक्रार नाही. चेक इंजिनचा दिवा बंद, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये दोषाचा कोड शून्य. अशा वेळी आपल्याकडे आधी प्लग बदलतात, मग फ्युएल पंप. चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझा संशय टीपीएसवर, म्हणजे थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडलाय ते सांगणाऱ्या सेन्सरवर. गाडी जुनी आहे, केबलवाला थ्रॉटल, त्यामुळे टीपीएस म्हणजे साधा तीन वायरींचा पोटेन्शिओमीटर, फिरवला की सिग्नलचं व्होल्टेज बदलणारा. इंजिन बंद, इग्निशन ऑन, कनेक्टर जागेवरच ठेवून मागून टाचणी घालून व्होल्ट मोजले. पुरवठा ४.९८ व्होल्ट, अर्थ (ग्राउंडची वायर) ठणठणीत. खाडीकाठच्या दमट हवेत पिना हिरव्या पडतात म्हणून अर्थ आधी तपासायचाच. तोच कच्चा असेल तर पुढचे सगळे आकडे फसवे.

बंद थ्रॉटलला सिग्नल ०.९१. मॅन्युअलप्रमाणे ०.६० च्या आसपास हवा. सेन्सरच्या स्क्रूंभोवती ओरखडे होते, म्हणजे पूर्वी कोणीतरी तो फिरवलेला. का, ते काट्याच्या मीटरने सांगितलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी आणलेला हा डबा आकडा थोडा कमी दाखवतो, तेव्हा आकडा डिजिटल मीटरवरच घ्यायचा. पण थ्रॉटल अगदी सावकाश उघडताना क्षणभराचा खड्डा काट्यावरच दिसतो. १.४ च्या जवळ काटा धपकन ०.८ वर आला आणि परत उडाला. त्या क्षणी ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पाय उचलला, तो पेट्रोल तोडतो. लगेच वाटतं पाय दाबला, जास्त ओततो. हाच आचका. ०.८ हा आकडा मर्यादेतच असल्यामुळे कोड पडत नाही.

आतला कार्बनचा पट्टा तिथेच झिजतो जिथे पाय जास्त वेळ असतो. ठाणेकरांचा कुठे असतो ते वेगळं सांगायला नको. सेन्सर फिरवला की झिजलेली जागा थ्रॉटलच्या दुसऱ्या कोनावर सरकते, ‘गाडी सुधारली’ असं वाटतं, आणि काही दिवसांनी आचका नव्या ठिकाणी सापडतो. खड्डा दिसला तर ॲडजस्टमेंट विसरा.

नवा सेन्सर बसवला. दोन्ही स्क्रू सैल ठेवून ०.६० ला आणला, कसताना परत बघितलं, कारण कसताना तो हमखास सरकतो. थ्रॉटल बंद होताना कुठे थांबतो ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला हात लावलेला नाही. त्यावरचा कंपनीचा रंग शाबूत आहे आणि राहील. थ्रॉटल हाताने पूर्ण उघडला तर ४.४, भावाला पेडल दाबायला लावलं तर ४.१. केबल सैल होती, ताणून घेतली. बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली, जुनं शिकलेलं पुसलं जावं म्हणून.

गायमुखचा चढ अर्ध्या पायावर गुळगुळीत गेला. एसी लावल्यावर आयडलिंग अजून खालीवर होतंय. पुढच्या रविवारी आयडल एअर व्हॉल्व्ह (पेडलवर पाय नसताना इंजिनला हवा देणारा) उघडणार.