आमची वाटचाल : डाव्या कोपऱ्यातला पोचा

आमची पहिली कॅनॉपी, म्हणजे पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यावर बसवायचा टप, आमची नव्हतीच. 2004 साली कोल्हापुरात एका भंगारवाल्याच्या मागल्या दारी टाटा मोबाईल या पिकअप गाडीचा फायबरचा टप उताणा पडला होता. आत पावसाचं पाणी, शेवाळ, मागच्या झडपेची काच गायब, डावा मागचा कोपरा आत चेपलेला. भंगारवाला अडीच हजार म्हणाला, शेवटी 1,800 वर आला. मी तेव्हा शिवाजी उद्यमनगरात डेंटिंगच्या कामाला होतो, पगार तीन हजार. टप घरासमोर उतरवला त्या दिवशी आईनं जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

तो घेतला गूळवाल्या अण्णांच्या जिवावर. त्यांची जुनी टाटा मोबाईल होती आणि ताडपत्री दर पावसाळ्यात फाटायची. गुळाला नुसती दमट हवा लागली तरी पाझर फुटतो, वरून पाणी पडलं तर बघायलाच नको. अण्णा म्हणाले, “बसवून दे. गळला तर सगळा गूळ तुझ्या दारात आणून ओततो.” आणि हजार रुपये हातावर ठेवले.

पत्र्यातला माणूस फायबरला हात घालतो तेव्हा पहिली चूक ठोकण्याची करतो. मीही केली. चेपलेला कोपरा आतून ठोकला, तर तडा छतापर्यंत गेला. मग ग्राइंडरनं तडा व्ही आकारात उघडला, आतून 80 नंबरचा घासायचा पेपर मारला, अॅसिटोननं पुसलं आणि 450 ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, तीन थर दिले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन बोटं मोठा. ब्रशनं रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारं चिकट द्रव्य, भरायचं आणि रोलरनं हवा काढायची. पांढरा ठिपका राहिला म्हणजे आत हवा राहिली. छत मध्ये खाली दबायचं, म्हणून पीव्हीसी पाइप उभा चिरून आतून आडवा लावला आणि त्यावर मॅट चढवली. ती फासळी आम्ही आजही तशीच टाकतो. झडपेला काचेऐवजी अॅक्रिलिक, कडेनं रबर बीडिंग. सगळं रात्री, ट्यूबलाइटखाली.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. जुनी कॅनॉपी घ्यायला जाल तेव्हा खिशात रुपयाचं नाणं ठेवा आणि टपावर वाजवत जा. टणटण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तिथं थर सुटलेत. रंगावर जाऊ नका. कोबाल्ट आणि हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट व्हायला घालायची दोन औषधं, कधीही एकमेकांत थेट ओतू नका, पेट घेतं. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मग हार्डनर, किलोला साधारण 15 मिली, थंडीत थोडं जास्त, एप्रिलात कमी. मापानं, अंदाजानं नाही. जुलैत मॅटला हातच लावू नका, हवेतला ओलावा ती ओढून घेते. अंगाला खाज सुटली तर गार पाण्यानं धुवा. आणि खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरून झाली की दिवा वर नाही, बाजूला आडवा धरून बघा.

हे शेवटचं मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. रंग मारून टप उन्हात काढला तर कोपऱ्यात तळहाताएवढा पोचा दिसला. अण्णांना दाखवला. ते म्हणाले, “गूळ काय कोपऱ्यात तोंड बघणार आहे?”

पुढच्या वर्षी त्याच टपावरून मोल्ड, म्हणजे साचा काढला. चिकटू नये म्हणून वॅक्सचे सहा हात, वर पीव्हीएचा पातळ पापुद्रा. तरी चिकटला. लाकडी पाचरी मारल्या, फटीत पाणी ओतलं, रबरी हातोडा फिरवला, संध्याकाळी फट्कन सुटला. पोचा अर्थातच मोल्डमध्ये उतरला. तळाला पट्टी वाढवून तोच आकार बोलेरो कॅम्परला बसवला. पोचा घासायचा राहिला तो राहिलाच. नंतरची तेरा-चौदा वर्षं काम चालू होतं.

मग ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, त्या आठवड्यात पंचगंगा 55 च्या वर गेली. शेड नदीकडच्या सखल भागात, भाडं कमी म्हणून घेतलेलं. विमा नव्हता, त्याचा दोष कुणाला देणार? पाणी चढताना दिसलं तेव्हा हाताशी एकच टेम्पो होता. रेझिनचे ड्रम न्यायचे की मोल्ड? मोल्ड नेला. तो ठेवला एका उंचावरच्या शेडमध्ये. त्या शेडचा मालक सहा वर्षं माझ्याकडे काम शिकलेला. रोलर कसा धरायचा इथपासून मी शिकवलं. मला दादा म्हणायचा.

पाणी उतरल्यावर शेडमध्ये गुडघाभर गाळ. मॅटचे रोल भिजलेल्या गोधडीसारखे. एक जुना मोल्ड होडीसारखा तरंगत छताच्या पत्र्याला धडकला होता, त्याची कड तुटली. कंप्रेसर बाद. तयार चार कॅनॉप्यांपैकी दोन कुठं गेल्या ते आजही माहीत नाही. पंधरवड्यानं मोल्ड परत आणला, धुतला, तर फ्लॅंजच्या, म्हणजे बाहेरच्या पट्टीच्या, कडेला निळ्या जेलकोटची (टपाच्या सगळ्यात वरच्या रंगीत थराची) बारीक रेघ. आमच्याकडे निळा जेलकोट कधी आलाच नव्हता.

दिवाळीच्या आत त्या शेडवाल्याच्या कॅनॉप्या बाजारात, आमच्यापेक्षा दीड हजारानं कमी. गिऱ्हाइकांना सांगत होता, दादांचं बंद झालं. मी भांडायला गेलो नाही. खरं सांगायचं तर त्यानं जागा दिली नसती तर मोल्ड नदीबरोबर शिरोळकडे गेला असता, ही गोष्ट घशात अडकते. पण दादांचं बंद झालं म्हणायची काय गरज होती?

अण्णा त्या सप्टेंबरात आले. शेडमध्ये बसायला कोरडी जागा नव्हती, उलट्या बादलीवर बसले. दोन गाड्यांच्या कॅनॉपीची पूर्ण रक्कम आगाऊ दिली आणि म्हणाले, “घाई नाही. संक्रांतीपर्यंत दिली तरी चालंल.” त्यांच्याकडं तेव्हा दुसरी गाडी नव्हती. ती त्यांनी मार्चमध्ये घेतली.

नवं शेड उंचावर आहे, भाडं दुप्पट. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण त्या दुसऱ्या शेडची कॅनॉपी दुरुस्तीला घेऊन आला. मध्ये तडा, आतून पाहिलं तर फासळीच टाकलेली नव्हती. पोरांनी माप घेतलं, मी दर सांगितला. त्यानं मागच्या डाव्या कोपऱ्यावर हात फिरवला आणि विचारलं, “काका, हितं पण जरा दबलंय, हे भरून मिळंल का?”

मी म्हटलं, “ते तसंच असतंय.”